शेवटचा मुक्काम, टोकावडे

शाळेमागं तंबू ठोकताना
मढवींचा एक खुंटा कमी पडला.
रुबीनानं काही न विचारता
टायर काढायची पट्टी मातीत रोवून दिली.
बारावी रात्र. आता कुणी विचारत नाही.

स्टोव्ह फुरफुरतो. खिचडी खाली लागते.
मीठ राहिलं म्हणून सुलक्षणाताई
पुन्हा त्याच माणसावर चिडतात,
आणि तो माणूस, म्हणजे मी,
पुन्हा तसाच हसतो.
व्हरांड्यात नऊ जणांचे मोजे
मुख्याध्यापकांच्या परवानगीनं वाळत.

माळशेजच्या उतारावर कुणी बोललं नव्हतं.
ब्रेकचा जळका वास,
आणि पुढच्यानं खाली दाखवलेलं बोट:
खड्डा.
घरी इतकं नेमकं
मला कुणी काही सांगत नाही.

सकाळी मुरबाड, कल्याण, कोन,
मग ट्रकांच्या कडेनं एका रांगेत;
खारेगावच्या पुलावर
खाडीचा कुबट, आपला वारा.
माजिवड्याला थांबू, फोटो काढू,
असं ठरलं होतं रात्री.
पण सिग्नल हिरवा होता.
कुणी घोडबंदरकडं, कुणी कोपरीकडं.
मागं एक घंटी वाजली,
कुणाची ते वळून बघेस्तोवर
रिक्षा आडवी.

गादी फार मऊ आहे.
साडेचारला जाग येते
आणि हात अंधारात चाचपत राहतो
तंबूची चेन.

उठून पिशवी उपसली.
मोज्यात गुंडाळलेली रुबीनाची पट्टी,
टोकाला अजून ती माती.
फोन करावा का आत्ता?
जागीच असेल.