जमिनीवरची तपासणी

मोठ्या माणसांचा आजार कॉटच्या उंचीवर असतो.
मुलांचा कुठेही.
आज तो कॉटखाली आहे, भिंतीला पाठ लावून,
नाव नेउएन, वय चार, कान दुखतोय,
आणि आईचंही ऐकत नाही.

सकाळी सहाला माझी बोटं माझी नसतात.
गरम पाण्याच्या पातेल्यात बुडवून ठेवते.
पुंता अरेनासचा वारा खिडकीला धडका देतो
आणि मी वाट बघते.
साडेसातला अंगठा तर्जनीला भेटतो.
तेवढ्यावर पेन धरता येतं, स्टेथोस्कोप धरता येतो.
तान्ह्याच्या मनगटावरची केसाएवढी शीर
आता ओर्फेलिना शोधते.
पहिल्यांदा तिच्या हातात सुई दिली
त्या दिवशी घरी जाऊन मी कुणाशी बोलले नाही.

या गावात वारा माजला की चौकात दोर बांधतात.
धट्टीकट्टी माणसंही धरून चालतात,
तुम्हाला काय झालंय, असं कुणी कुणाला विचारत नाही.
वॉर्डात दोर नाही.
सात किलोचं रडणं उचलायचं,
लाथा झाडणारे पाय एका हाताने आवरायचे,
दुसऱ्याने घसा बघायचा,
बेल वाजली की दोन-दोन पायऱ्या.
तेरा वर्षांपूर्वीच्या अर्जात यातलं काहीच नव्हतं.
मीही विचारलं नव्हतं. तेव्हा धावत होते.

तर, नेउएन.
एक गुडघा टेकला. थांबले. दुसरा.
मग सरळ पोटावरच झोपले, गाल फरशीला.
फिनेलचा वास, कुणाचा तरी मोजा, एक निळं बटण.
"तुला पण दुखतं?"
"हो."
"कुठे?"
हात पुढे केला.
त्यानं माझ्या सांध्यावर बोट ठेवलं, बराच वेळ,
कपाळाला आठ्या घालून.
"गरम आहे," म्हणाला.
निदान बरोबर होतं.
मग त्यानं कान पुढे केला.

पडदा लाल, फुगलेला.
औषध तिथेच लिहिलं, तिरक्या अक्षरात.

तो केव्हाच आईकडे पळाला.
मी अजून खालीच.
दारात ओर्फेलिना फाइल वाचत उभी आहे,
म्हणजे वाचतेय असं दाखवत;
पान काही उलटत नाही.
वारा वाढलाय. चौकात माणसं दोर घेऊन निघाली असतील.
मी कॉटचा पाय धरून बघते. चाकं आहेत त्याला.
"ओर्फेलिना," मी म्हणते,
"ती फाइल ठेव."