मु. पो.

रेशनच्या खिडकीमागचा पोरगा म्हणतो,
पत्ता सांगा, मावशी.
मी म्हणते, सोमवारी औराद, बुधवारी देवणी,
शनिवारी जिथं डिझेल संपेल तिथं.
तो पेन थांबवतो.
मुक्काम एकच लागतो, म्हणतो, आणि पोस्टही एकच.
समोर चिंचेखाली बस उभी. मी बोट दाखवते.
ती तर शाळेची, म्हणतो.

होती.
एकोणीस वर्षं तिच्या पायरीवर उभी होते मी,
एक हात दांड्याला, एक लेकरांच्या बगलेत.
केरबा हाकायचे.
गाडीत मी त्यांना ड्रायव्हर म्हणायची, घरात अहो.
शाळेनं नवी गाडी घेतली तेव्हा
जुनीचं वजन केलं मोंढ्यातल्या काट्यावर,
तुरीच्या पोत्यासारखं.
भंगारवाला जो आकडा बोलला
त्यावर यांनी दोन हजार चढवले
आणि येऊन सांगितलं,
घर घेतलं.

उदगीरच्या इस्माईल वेल्डरनं सीटा कापल्या.
खालून निघालं:
खोडरबर, बोरांच्या आठोळ्या, एकाच पायातलं पैंजण,
आणि गणितात नापास झालेलं कुणाचं तरी प्रगतिपुस्तक.
खाली वडिलांची सही.
अक्षर केरबांचं.
मी काही बोलले नाही.

एक सीट मात्र मी काढू दिली नाही.
तिच्यापायी पलंग तिरपा बसलाय,
पाय दुमडून झोपावं लागतं,
ते रोज कुरकुरतात.
औषधाच्या पेटीत आता तिखटमीठ.
संकटकाळी बाहेर पडायच्या खिडकीतून
भाकरीचा धूर बाहेर पडतो.
टपावर पाण्याची टाकी, अर्धीच भरते;
बालाघाटाचा चढ लागला की
पाणी मागं सरकल्याचं ऐकू येतं,
मागच्या सीटवर पोरं दंगा करायची तसं.
पाटीवरचं 'शाळेची' यांनी रंगानं पुसलं,
'बस' राहू दिलं.
आल्यागेल्याला तेवढंच आमंत्रण.

हाकते आता मी.
त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, उजव्यात हट्ट.
पन्नाशीत शिकले, जनावरांच्या बाजाराच्या माळावर,
बाजार उठून गेलेला, शेण तेवढं राहिलेलं.
क्लच सोड, म्हणायचे, हळू,
झोपलेल्या लेकराखालून हात काढावा तसा.

बाजारात ते शिलाई मशिनी दुरुस्त करतात,
कात्र्यांना धार लावतात.
बाया विचारतात, राहता कुठं?
मी दार उघडते. कुणी हसतं,
कुणी गादी चाचपून बघतं.
नळेगावची एक आत आली,
त्या एका सीटवर बसली,
पदर सावरून, खिडकीच्या गजांतून बाहेर बघत,
बराच वेळ.
मग म्हणाली, निघते कधी?
संध्याकाळी, म्हटलं.
ती उठली, मेथीची जुडी उचलली
आणि गेली.
आम्ही दिवे लागेपर्यंत थांबलो होतो,
उगाच, कात्रीचं एक गिऱ्हाईक राहिलंय म्हणून.

आणि परवा सकाळी, सात दहाला,
कुठल्याशा फाट्यावर
दप्तरवाल्या पोरीनं हात केला.
ब्रेक माझ्या पायानं दाबला,
मी नाही.
तिनं आत बघितलं: कांद्याची टोपली, दोरीवरचं धोतर.
ही शाळेला जाते का?
मी तोंड उघडणार तोवर
पलंगावरून आवाज आला,
जाते.
नऊ किलोमीटर, उलट्या दिशेनं.
फाटकाशी ती उतरली तेव्हा
माझ्या तोंडून आपोआप निघालं,
डबा घेतला का गं?
तिनं वळून बघितलं. डबा नव्हता.
अर्धी भाकरी दिली, ठेच्यासकट.

मावशी, लाईन आहे मागं, पोरगा म्हणतो.
तुझ्या मनानं लिही, म्हटलं.
त्यानं वाकून लिहिलं:
तहसीलसमोर, चिंचेखाली.
खाली शिक्का मारला, दोनदा, पहिला पुसट आला म्हणून.

मी चावी फिरवली.
केरबा म्हणाले, बघ, आता आपला पत्ता झाला.
आरशात चिंच दिसत होती,
वळणापर्यंत.