समासात लिहिलेलं

बर्फाची पेटी पायाशी, दोन्ही गुडघ्यांत दाबून
मी स्कूटर घणसोली गावठाणात घालते.
गल्ली अशी की हॉर्न मारायची सोय नाही,
नुसतं "बाजू, बाजू" म्हणायचं, कोंबड्यांनासुद्धा.

पेटीत सहा डब्या. झाकणांवर आकडे.
नाव लिहायचं नाही, असा नियम.
तरी मला पाठ आहेत:
एकशे चौदा म्हणजे मढव्यांचा, रडताना कान हलवणारा;
एकशे एकोणीस तुर्भे स्टोअरची, सातव्या महिन्यात आलेली,
तिचं वजन लिहिताना माझ्याकडून दोनदा खोडलं गेलं.

फशीबाय उंबऱ्यातच अडवते.
"पोराची शी कनाला गो नेतंस? इकतंस का काय?"
सांगते: आजी, तिच्यात जीव असतात,
डोळ्यांना न दिसणारे, मोजता न येणारे,
बरेचसे आईकडचे:
जन्मताना लागलेले, दुधातून उतरलेले,
कातडीवरून कातडीवर गेलेले.
ती सुपातला जवळा पाखडायची थांबते.
"म्हंजे इरजन," म्हणते,
आणि पुन्हा पाखडू लागते.

तीन दिवसांच्या प्रशिक्षणात पडद्यावर
रंगीत गोळे, काड्या, बाण दाखवून
आम्हाला हेच सांगत होते बहुतेक.

आत प्रणोती. बाळंतपणाला बारा दिवस.
कानांना फडकं, खोलीत ओव्याची धुरी,
वाटीत खिरीतले अळीव फुगून बसलेले.
फॉर्मवर प्रश्न एक्केचाळीस.
चीक पाजला का? केव्हा? मध चाटवला का?
(इथे ती दाराकडे बघत बोटाचं अर्धं पेर दाखवते.)
घुटी? ताप? जुलाब? अँटिबायोटिक?
पूर्वी ती ऐरोलीत कॉल सेंटरला होती, रात्रपाळीला,
म्हणून उत्तरं आखीव देते, माझ्या पेनाच्या वेगाने.

एक्केचाळिसाव्यानंतर मी डबी घेते, सही घेते, उठते.
"आणि माझं?" ती विचारते.

आठ महिने अंगावरून पांढरं जातंय.
आग होते, खाज सुटते, गोळ्या संपल्या की पुन्हा तेच.
डॉक्टर म्हणाले, दिवसांत होतं. सासू म्हणाली, बाईला होतं.
नवऱ्याला सांगितलं नाही.
"हा माझ्यातूनच आला ना, ताई?
मग विरजणच नासकं असलं तर?"

नासत नाही गं, मी म्हणाले, बदलतं फक्त.
हे खरं का, मला माहीत नव्हतं.
फॉर्मवर त्याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं, आडवं, बारीक अक्षरात.

समासातलं कॉम्प्युटरवर चढत नाही, असं
रबाळ्याच्या लॅबमधला निलय सांगतो.
तो वाईट नाही. त्याला रकाने दिलेत, तो रकाने भरतो.
पाठीमागे उणे ऐंशीचा फ्रीजर घुमत असतो,
त्यात पोरांची पहिली काळी शी
दागिन्यांसारखी कुलपात.

त्या संध्याकाळी मी जुने फॉर्म काढले. त्रेसष्ट.
नुसते समास वाचत गेले.
खाज. आग. वास. "कुणाला सांगू नका."
एका ठिकाणी माझ्याच अक्षरात एकच शब्द: रडली.
एकोणतीस.

सोमवारी तांडेल मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"पुढच्या प्रस्तावात घेऊ," म्हणाल्या,
आणि मग, हळू: "एकोणतीस? नक्की?"

तीस, मी म्हटलं.
एकीचा फॉर्मच नाही.