फेस

आधी बूट हरवले.
म्हणजे बूट पायातच होते,
पायांनाच ते कळेनासे झाले.
एलिसेओ दारात उभा राहून विचारायचा,
"नोल्फा, मी घातलेत का गं?"
मी हसायचे. चुकलंच माझं.

मग पोटऱ्या गेल्या, मग बोटं.
दिवसाला दीडशे मेंढ्या
कोटाच्या गुंड्या सोडाव्यात तशा
मोकळ्या करणारा माणूस,
कपाचा कान त्याला धरवेना.
घोटे मात्र सुजून पावासारखे,
दाबलं की खळगा पडायचा आणि राहायचा,
आणि लघवीला फेस,
सामुद्रधुनीच्या काठाला वाऱ्याने साचतो तसा
हट्टी.

पुन्ता अरेनासच्या इस्पितळात
नसांचे डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर,
मूत्रपिंडाचे पहिल्या.
दोन आठवडे आम्ही लिफ्टमध्येच संसार केला.
शेवटी एक पोरसवदा डॉक्टरीण, ओयार्सुन,
जिन्यात बसली, दोन्ही फायली मांडीवर घेऊन,
म्हणाली, चोर एकच आहे. घरातलाच आहे.
रक्तातले राखणदार
नसांवरचं वेष्टन कुरतडतायत,
आणि तेच खाली गाळणीत जाऊन रुतलेत.

कुंपणानेच शेत खाल्लं, एवढंच ना?
एलिसेओला ते कुत्र्यावरून समजलं.
"कळपाला चावणाऱ्या कुत्र्याला
आम्ही गोळी घालतो, बाई."
"इथे नाही घालता येत.
कोल्हा आला तर अडवणारही तोच.
दमवायचा. झोपवायचा."

यंत्र त्याचं रक्त बाहेर नेतं,
पिशवीत पिवळं पाणी साठतं,
लोकरीच्या तेलकटाचा रंग,
आणि कुणा अनोळखी लोकांचं आत जातं.
"कुणाचं असेल गं?"
"ज्यांची कुत्री शहाणी, त्यांचं."
तो हसला तेव्हा डावा गाल
जरा उशिरा आला.

रविवारी मी मूठभर लोकर नेली.
बोटांना काही कळलं नाही.
नाकाशी धरली तर म्हणाला,
"पहिली कातरणी. ओल्या गवतावरची."
डोळे मिटूनच होता.

रोज सकाळी मी भांडं खिडकीशी धरते,
फेस बसेपर्यंत आकडे मोजते.
बाहेर झाडं सगळी एकाच दिशेला वाकलेली,
वाऱ्याने लहानपणीच वळण लावलेली.
काल शंभराला तळ दिसला.
आज बासष्टला.
त्याने विचारलं, किती?
ऐंशी, म्हटलं.
अठरा माझ्यापाशी असू देत,
वाईट दिवसाला लागतील.