साडेबारा टक्के

नेरूळच्या एका समाजमंदिरात
दर शनिवारी चार ते सहा
मी कथालेखन शिकवतो.
खाली योगाचा वर्ग असतो. त्यांचे ओंकार
फरशीतून वर येतात
आणि माझ्या वाक्यांना ढुशा देतात.

फळ्यावर लिहिलं : प्लॉट.
विचारलं, प्लॉट म्हणजे काय?
बँकेतून निवृत्त झालेले वैशंपायन म्हणाले,
घटनांची कार्यकारण साखळी.
घरून पाठ करून आले होते.
शेवटच्या बाकावरून गुणाबाई मढवी, करावे गाव :
"आमचा पलॉट सारेबारा टक्के.
बाकीचा शिडकोनी नेला."

वर्ग हसला. मीही हसलो, जरा उशिरा,
कारण चौतीस वर्षं मी सिडकोत ट्रेसर होतो.
ते चौकोन मी आखलेत,
ट्रेसिंग पेपरवर, श्वास धरून.
खाचरांना, मिठागरांना, उघाडीला
आमच्या नकाशात रंग नव्हता.
भरतीसाठी एक फिकट निळी रेघ असायची,
तीही छपाईत पुसट व्हायची.

तरी उदाहरण आयतं सापडलं म्हणून रेटलं पुढे :
ठाऊक असेल त्यातलं आठव्या हिश्श्याइतकंच कागदावर ठेवा,
साडेबारा टक्केच म्हणा ना,
उरलेल्याचं निर्दयपणे संपादन करा.
संपादन म्हटलं मात्र,
गुणाबाईंनी मान वर केली.
त्यांच्याकडे या शब्दाची नोटीस येते.

तीन शनिवारांनी त्यांनी गोष्ट आणली,
नातवाच्या वहीत, मागे पाढे छापलेल्या.
अकरा वर्षांची मुलगी
उघाडीपाशी झोळणं लावून बसलीय, कोळंबीसाठी.
टेप घेऊन दोन माणसं येतात.
एक जाडा. एक चष्मेवाला.
आई चष्मेवाल्यापुढे तांब्या धरते.
तो हात धुतो
आणि उरलेलं पाणी बांधावर ओततो.
बस.
पुढच्या ओळीत तो निघून गेलेला असतो.
गोष्ट मात्र चौदा पानं चालते,
तिच्यात लग्न आहे, भावाभावांची कोर्टबाजी,
विकलेला प्लॉट, त्या पैशांची पांढरी स्कॉर्पिओ,
आणि ती उलटते ती रात्र.
चष्मेवाला कुठेच नाही. त्याला नावसुद्धा नाही.

दृष्टिकोन या विषयावर माझं एक पानी टिपण आहे,
झेरॉक्स काढून वाटतो.
त्यात हे नाही.

मी म्हटलं, हे जरा पटत नाही.
उन्हातून आलेला माणूस पाणी ओतून देईल कशाला?
हे खरंच घडलं का?
"तुमीच बोललाव ना सर,
खरा नसला तरी चालंल, पटला पायजे."
मग वही मिटत,
"माना तं पटतंय."

मी आठवत बसलो.
त्र्याऐंशी असेल, नाहीतर चौऱ्याऐंशी.
ट्रेसर साइटवर जात नाहीत सहसा,
मी गेलो असेन चारदा, फार तर पाचदा.
चष्मा होता.
खाडीकाठचं पाणी मचूळ लागायचं,
ऑफिसात सांगून ठेवलं होतं, बाहेरचं पिऊ नका,
आणि शेजारच्या टेबलावरचा केळुसकर
काविळीने दोन महिने पडून होता.
हे सगळं लिहिता आलं असतं.
पहिली नोकरी, कोरडा घसा,
तांब्या हातात घेतल्यावरचा तो एक क्षण.
वाचकाला चष्मेवाल्याची दया आली असती.
चांगली कथा झाली असती, माझी.

लाल पेन उघडं राहून वाळलं होतं.
झटकलं, वहीच्या कडेला गिरवून पाहिलं.
चौदा पानांत एकच खूण केली :
'पाणि' लिहिलंय, वेलांटी दुसरी हवी.

गुणाबाईंनी खूण बघितली.
मग माझ्याकडे बघितलं, चष्म्याकडेच बहुतेक.
"एवराच, सर?"