एकादशीला चहा चालतो

जनकगंजात, दत्तमंदिराच्या मागच्या खोलीत
सतरंजीवर आम्ही चौघं,
मधे पुठ्ठे, ब्रश, लाल रंगाचा डबा.
हाफिज बरकतुल्लांचं अक्षर वळणदार, म्हणून ब्रश त्यांच्याकडे.
सिस्टर प्रेसिला पत्रकं मोजत होत्या.
ग्यानी संतोखसिंगांनी तपासणीसाठी
लंगरचा हॉल देववला होता,
आणि मी, टेंबे, मंदिराचा चिटणीस,
शुद्धलेखन बघत होतो.

कोढ़ ठीक होता है. दवा मुफ़्त है.
इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं.
पुढे ‘छूने से’ लिहायचं की ‘स्पर्श से’,
यावर वीस मिनिटं गेली.

तेवढ्यात शरबती चहा घेऊन आली.
एकोणीस वर्षं कुष्ठाश्रमात. आजार कधीच गेला,
जाताना बोटं घेऊन गेला.
ट्रे दोन्ही मनगटांवर तोललेला,
एक कप हिंदकळला नाही.

रमजान चालू होता. हाफिजजींनी छातीवर हात ठेवला.
सिस्टरांचा ईस्टरआधीचा उपास.
ग्यानीजींच्या पंथात उपासच नाही,
त्यांना शुगर आठवली.
मी म्हणालो, आज एकादशी.

एकादशीला चहा चालतो.
मला ठाऊक होतं.
आजाराआधी शिंदे की छावनीत
मराठी घरची भांडी घासलेल्या तिलाही.

ती काही बोलली नाही. ट्रे कोनाड्यात ठेवला
आणि बसली पुठ्ठ्याचा कोपरा दाबून,
रंग वाळेपर्यंत.
चहावर साय धरली, मग सुरकुतली.
तिकडे कुणी बघत नव्हतं,
म्हणजे सगळेच बघत होतो.

अजान झाली. हाफिजजींनी रंगाचे हात धुतले,
खिशातला खजूर अर्धा केला,
अर्धा तिच्या तळव्यावर ठेवला.
“वो चाय है ना अभी?”
“ठंडी हो गई, हाफिजजी. मलाई जम गई.”
“दोपहर से उसी पर नज़र थी.”
सायीसकट प्यायले.

चौघांत तेवढा एकच उपास खरा होता.

द्वादशीला पहाटे
आश्रमाच्या फाटकाला मी सायकल टेकवली.
घरी सांगितलं होतं, पारणं फेडून येतो,
कुठे ते नव्हतं सांगितलं.
फाटक बंद. हाक मारावी
तर तिचं नाव आजवर मी कधी
मोठ्यानं घेतलेलं नव्हतं.
आत कुणीतरी
स्टोव्हला पंप मारत होतं.