चौथऱ्यावरचा डोंगा

निळा कधीच नव्हता तो.
डांबर फासलेला, काळा, कडेला शेवाळ,
आणि आत कायम चार बोटं पाणी,
जे बिसनचा धाकटा भाऊ टमरेलानं उपसायचा.
आता ऑइलपेंट. खाली ग्रॅनाईट.
ग्रॅनाईटवर सोनेरी अक्षरांत ‘ज्ञानगंगा स्मारक’
आणि अकरा देणगीदार, रकमांसकट.
आमची नदी वैनगंगा, तिचं नाव मात्र
दगडावर मावलं नाही बहुतेक.

हिवरटोलीला शाळा नव्हती. शाळा पल्याड.
मधे पाणी.
डोमा मारबते आम्हाला न्यायचा, आणायचा.
पहाटेचे मासे भागरताबाईच्या टोपलीत टाकून
घाटावर येऊन उभा, हातात बांबू.
दप्तरं युरियाच्या रिकाम्या पोत्यात,
तोंड सुतळीनं आवळलेलं:
“बुडान तं तुमी बुडान,
पुस्तकं सरकारची आहेत.”

चढताना मोजायचा, उतरताना मोजायचा,
डोक्यावर हात ठेवून, एकेक.
सतराच्या पुढचे आकडे त्याला येत नव्हते.
लागलेही नाहीत कधी.
त्याच्या मोजणीत मी नववी, शाळेत तिसरी.
खरंच नववीत गेले तेव्हा घाटावरूनच ओरडून सांगितलं,
तर म्हणाला, “तू तं पयल्यापासून नववीच आहेस वं.”

रेवता बारावी होती. मोजणीत.
शाळेत पाचवी, आणि तिथवरच.
संक्रांतीनंतर ती घाटावर आली नाही,
तिच्या घरापुढं मांडवाच्या बल्ल्या आल्या.
त्या दिवशी अकराव्या डोक्यावरचा हात
डोमानं उचलून हवेत धरला,
पोराच्या उंचीवर, रिकाम्या जागी,
“बारा” म्हणाला
आणि तेराकडे वळला.
वर्षभर असंच.
कोणी हसलं नाही. तिथं कोणी बसलंही नाही,
पाणी उपसायची टमरेलंसुद्धा
आम्ही दुसरीकडे ठेवायचो.

मग पूल आला.
पूल आला आणि चार वर्षांत पल्याडची शाळा गेली.
पटसंख्या वीसच्या आत, परवडत नाही, म्हणाले.
तेही मोजूनच म्हणाले.
आता पोरं ऑटोनं जातात, अकरा किलोमीटर,
पाय बाहेर लोंबकळत,
आणि ऑटोवाला भाडं मोजतो.

अनावरणाला मला बोलावलं, ‘यशस्वी विद्यार्थिनी’ म्हणून.
तहसिलात कारकून आहे मी.
यादीत नावं चढवते, यादीतून खोडते.
साहेब बोलले. साहेबांच्या मागचे बोलले.
डोंग्याला झेंडूचा हार पडला,
डोमाला शाल. मे महिना, छेचाळीस डिग्री.
त्यानं ती घडी करून बुडाखाली घेतली,
खुर्ची भाजत होती म्हणून.

सगळं उरकल्यावर तो उठला,
डोंग्याला एक फेरी मारली, आत वाकला.
तळाला भोक होतं. गोल, मशीननं पाडलेलं.
ग्रामसेवक समजावून सांगू लागला:
पावसाचं पाणी साचतं बाबा, डास होतात, डेंगू होतो.
डोमानं भोकात अंगठा घातला
आणि दाबून धरला, बराच वेळ,
खालून काही वर येत असल्यासारखा.
“असा डोंगा घेऊन,” म्हणाला,
“पोट्ट्यायले कुठी नेऊ मी?”
सगळे हसले.
शिऱ्याच्या द्रोणांकडे गेले.

ऊन उतरल्यावर पोरं चढली त्यात.
कोणी वल्हं मारतंय, कोणी मासा झालंय,
निळ्यावर चपलांची माती.
शिपाई हाकलायला निघाला, मी त्याला थांबवलं.
डोमा कडेशी उभा.
हात डोक्यांवरून सरकत होता,
ओठ हलत होते.
बाराला थांबला नाही.
सतराला थांबला.
चार पोरं अजून उरली होती.

मी जवळ जाऊन म्हटलं, अठरा.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मग हात पुढच्या डोक्यावर ठेवला
आणि वाट बघत राहिला.